मंगळवार ते शुक्रवार

बुकिंगच्या वहीच्या मागच्या पानावर
आम्ही कुर्ग आखतोय.
पुढच्या पानांवर दुसऱ्यांच्या सहली:
किती जण, शाकाहारी कोण,
कुणाला स्कूबा, कुणाला डॉल्फिन,
कुणाच्या आईला जिना चढवत नाही.
मागे आम्ही दोघंच.
मंगळवारी रात्री कुडाळ स्टेशन,
बुधवारी सकाळी मंगळूर,
पुढे बस, चार साडेचार तास, सगळी वळणं.
गुरुवार अख्खा.
शुक्रवारी परत,
कारण शनिवारी पुण्याचे सहा.

एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मध्ये देवबाग, पट्टीसारखं सपाट.
इथली सगळ्यात उंच जागा
म्हणजे आमची पाण्याची टाकी.
तिच्यावर चढून लवूने एकदा
मला संध्याकाळ दाखवली होती,
तेरा वर्षांपूर्वी, पहिली खोली बांधली तेव्हा.
त्यानंतर टाकीवर चढणं झालं ते
बॉल कॉक बिघडला म्हणून.

मडिकेरीहून पोन्नप्पा म्हणून एक जण आला होता.
ताटात उरलेल्या तिखल्यात
त्याने बोटाने डोंगर काढले,
एकामागे एक, एकामागे एक,
मग भाताचा घास त्यातून फिरवला
आणि सगळे खाऊन टाकले.
जाताना कॉफीची पुडी ठेवून गेला.
ती अजून बंद आहे.
आमच्याकडे मागतात ती सोलकढी.

स्वेटर कुणाकडेच नाही.
साताऱ्याच्या गायकवाड बाई शाळेवर आहेत,
त्यांच्या ट्रंकेत दोन निघाले.
एकाला डांबरगोळीचा वास,
एकाला कोपरावर भोक.
भोकवाला मी घेणार.
बोक्याला फिलोमिना बघेल,
पंपाचं बटण तिच्या मुलाला दाखवून ठेवलंय,
दोनदा दाखवलंय.

लवूला एकच काळजी:
"थंय मासो गावतलो?"
मी म्हटलं, चार दिवस नाही गावला तर काय मरशील?
त्याने उत्तर दिलं नाही.
रात्री बघते तर पिशवीत
टॉवेलात गुंडाळलेली सोड्यांची बरणी.

मला काळजी वेगळीच.
पाहुणी म्हणून कसं वागतात, मला ठाऊक नाही.
कसं वागू नये ते सगळं पाठ आहे:
वाळूचे पाय घेऊन गादीवर जाऊ नये,
साडेअकराला गरम पाणी मागू नये,
"एवढंच?" असं समुद्राकडे बघून म्हणू नये.
तिथे धुकं असलं आणि काहीच दिसलं नाही
तर घरमालकिणीला दोष द्यायचा नाही.
निघताना चादर मीच घडी करीन.
लवू म्हणतो, मग जातंस कित्याक?

काल दुपारी फोन आला.
कोल्हापूरचे आठ जण,
मंगळवार ते शुक्रवार,
चारही खोल्या, दोन्ही वेळचं जेवण,
सुरमई असेल तर रोज सुरमई.
पंपाचा हप्ता माझ्या डोळ्यांपुढे आला,
त्याच्यामागून जीएसटीवाला,
त्याच्यामागून गळणारं तीन नंबरचं न्हाणीघर.
लवू दारात जाळं सोडवत होता,
सोडवायचा थांबला,
पण माझ्याकडे बघितलं नाही.

"फुल्ल आहे हो," मी म्हटलं.
"सगळ्या?"
"सगळ्या."

चारही दारं तेव्हा सताड उघडी होती.
नुकतीच पुसलेली लादी,
फिनेलचा वास,
दोरीवर आठ उशांचे अभ्रे,
वाऱ्याने फुगलेले.
तेरा वर्षांत एवढं मोठं खोटं
मी कुठल्याच पाहुण्याला सांगितलं नव्हतं.
भात मात्र चुलीवर लागला.

लवूने हात पुसले,
वही उलटी केली,
आणि पुढच्या पानावर, मंगळवारच्या ओळीत,
हळूहळू, शाळेतल्यासारखं अक्षर काढत लिहिलं:
माणसं दोन. मासे खाणारी.
ॲडव्हान्सच्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून ठरत नाहीये.